सुख कोठे शोधावे? : स्टोइक तत्त्वज्ञान आणि आपण

सुख कोणाला नको आहे? लहान मुलापासून वृद्धापर्यंत प्रत्येकाची धडपड सुखासाठीच चाललेली असते. परंतु हे सुख मिळते कोठे, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकाच धर्तीचे येते. नोकरी लागली की सुख, बढती मिळाली की सुख, स्वतःचे घर झाले की सुख, मुलीचे लग्न पार पडले की सुख. म्हणजे सुख हे नेहमी पुढच्या स्टेशनावर. गाडी तेथे पोहोचली की ते आणखी पुढे गेलेले असते.

आम्ही बँकेत कारकून आहोत. गेली वीस वर्षे काउंटरच्या अलीकडे बसून माणसे पाहत आलो आहोत. मुदत ठेवीवरचे व्याज पाव टक्क्याने उतरले म्हणून ज्यांची रात्रीची झोप उडाली असे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांची ठेव आमच्या सात जन्मांना पुरेल एवढी होती. दुसरीकडे, धुणीभांडी करणारी एक बाई दर महिन्याच्या सात तारखेला रिकरिंगचा हप्ता भरायला येत असे व हसतमुखाने जात असे. यावरून 'गरीबच खरा सुखी' असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कारण तीच बाई एके दिवशी मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज कसे मिळेल याची चौकशी करायला आली, आणि कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत पाच वेळा आली. ती समाधानी होती, पण आहे त्यावर गप्प बसणारी नव्हती. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हा आमच्या आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

बी. ए. ला असताना तत्त्वज्ञान या विषयात आम्हांला 'स्टोइक' पंथाची ओळख झाली. तेव्हा ती परीक्षेपुरती होती. पुढे संसार आणि नोकरी यांचे टक्केटोणपे खाल्ल्यावर तिचा अर्थ थोडाथोडा उमगू लागला. विद्यार्थी मित्रांना व सभासद बंधू-भगिनींना तो उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

ओसरीवरचे तत्त्वज्ञान

या पंथाचा संस्थापक झेनो. तो सायप्रस बेटावरचा व्यापारी. इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याचे मालाने भरलेले जहाज बुडाले आणि तो अथेन्स शहरात येऊन पोहोचला, असे त्याचा प्राचीन चरित्रकार सांगतो. एका पुस्तकविक्याच्या दुकानात त्याने सॉक्रेटिसाविषयी वाचले, आणि अशी माणसे कोठे भेटतील असे विचारीत तो तत्त्वज्ञानाकडे वळला. पुढे अथेन्सच्या बाजारपेठेजवळ चित्रांनी सजवलेल्या एका ओसरीत बसून तो शिकवू लागला. ग्रीक भाषेत ओसरीला 'स्टोआ' म्हणतात, त्यावरून 'स्टोइक' हे नाव पडले. आपल्या मराठीत सांगायचे तर हे ओसरीवरचे तत्त्वज्ञान होय. तेथे कोणीही येऊन बसावे आणि ऐकावे.

झेनोनंतर पंथाचा प्रमुख झालेला क्लिअँथीस पूर्वी मुष्टियोद्धा होता. शिक्षणासाठी पैसे नसल्याने तो रात्री बागांना पाणी ओढून घाली आणि दिवसा शिके. आमच्या वस्तीत दिवसा काम करून रात्रशाळेत शिकलेले लोक पुष्कळ आहेत. त्यांना क्लिअँथीस आपलाच वाटेल.

पुढे रोमन साम्राज्यात हा विचार फोफावला. तेथील तीन नावे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावीत. पहिले सेनेका, हे श्रीमंत आणि राजदरबारी. दुसरा एपिक्टेटस, हा जन्माने गुलाम. तिसरा मार्कस ऑरेलियस, हा इ.स. १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट. एकच तत्त्वज्ञान गुलामालाही पटले आणि सम्राटालाही पटले, ही जगाच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे. एपिक्टेटसचा गुरू म्यूसोनियस रूफस याने तर स्त्रियांनीही तत्त्वज्ञान शिकले पाहिजे, असे त्या काळी ठामपणे मांडले.

एपिक्टेटसने स्वतः काही लिहिले नाही. रोमच्या सम्राटाने तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यावर त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे शाळा काढली. तेथील एरियन नावाच्या शिष्याने गुरूची प्रवचने टिपून ठेवली व त्यांचे सार एका लहानशा हस्तपुस्तिकेत काढले. याच एरियनने 'इंडिका' हा भारताविषयीचा ग्रंथही लिहिला.

आपल्या भागाचाही ग्रीकांशी जुना संबंध आहे. खडकीहून लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यांत जावे. तेथील चैत्यगृहाचे काही खांब धेनुकाकट येथील 'यवनां'नी दान दिल्याचे शिलालेख आहेत. हे दान साधारण इ.स.च्या पहिल्या शतकातले, म्हणजे एपिक्टेटसच्या काळाच्या आगेमागेचे आहे. स्टोइक विचार बौद्ध विचारातून आला किंवा उलट झाले, असे आमचे म्हणणे नाही. तसा पुरावा नाही. पण दोन्हीकडच्या माणसांना एकच प्रश्न पडला होता, आणि त्यांची उत्तरे पुष्कळ ठिकाणी जवळ येतात, एवढे नक्की.

आपल्या हातात काय आहे?

एपिक्टेटसच्या शिकवणुकीचा पाया अगदी सोपा आहे. जगातील सर्व गोष्टींचे त्याने दोन भाग केले. काही गोष्टी आपल्या हातातल्या, काही आपल्या हातातल्या नाहीत. आपले मत, आपली इच्छा, आपला निश्चय, आपले वागणे हे आपल्या हातात. आपले शरीर, मालमत्ता, लौकिक, हुद्दा, दुसऱ्याचे आपल्याविषयीचे मत हे पूर्णपणे आपल्या हातात नाही. जो माणूस हातात नसलेल्या गोष्टींवर आपले सुख टांगून ठेवतो, तो सदैव दुसऱ्याच्या दारात उभा असलेला याचक होतो. जो हातातल्या गोष्टी नीट करतो, त्याचे सुख त्याच्या घरातच असते.

येथे एक गैरसमज होतो. हातात नाही म्हणजे प्रयत्नच करू नये काय? स्टोइकांनी याला तिरंदाजाचे उदाहरण दिले आहे. धनुष्य नीट राखणे, सराव करणे, नेम धरणे, दोरी योग्य क्षणी सोडणे हे तिरंदाजाच्या हातात आहे. बाण सुटल्यावर वारा आला किंवा लक्ष्यच हलले तर ते त्याच्या हातात नाही. चांगला तिरंदाज पहिल्या भागात कसूर करीत नाही, आणि दुसऱ्या भागासाठी स्वतःला खात बसत नाही.

विद्यार्थ्यांनी हे आपल्या परीक्षांना लावून पाहावे. स्पर्धा परीक्षेच्या जागा किती निघतील, निकाल कधी लागेल, हे आपल्या हातात नाही. रोजचा अभ्यास आपल्या हातात आहे. निकाल चुकला असे वाटले तर रीतसर फेरतपासणी मागणे, हेही आपल्या हातात आहे. मात्र निकालाच्या दिवशी आपली माणूस म्हणून किंमत ठरते ही समजूत खोटी आहे, आणि ती सोडणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. प्रत्येक निकालानंतर कोठे ना कोठे कोवळ्या मुलांच्या आत्महत्येच्या बातम्या येतात. म्हणून ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही.

आरोग्य, पैसा, मान यांना स्टोइक वाईट म्हणत नाहीत. मिळाल्यास जरूर घ्यावे, पण त्यांच्यावाचून आपण संपलो असे मानू नये. खरे 'चांगले' म्हणजे चार सद्गुण : शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम. या यादीत न्याय आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे महत्त्व पुढे येणार आहे.

खडकीतील उदाहरण

हे सर्व ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात ते शक्य आहे काय? त्यासाठी रोमला जाण्याची गरज नाही. आपल्या खडकीतच पाहावे.

खडकी म्हटले की लोकांना दारूगोळा कारखाना आणि त्याचा भोंगा आठवतो. हा कारखाना १८६९ सालचा. पण याच छावणीच्या परिसरात जायबंदी जवानांना पुन्हा उभे करणाऱ्या संस्थाही आहेत. १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही त्यांपैकी एक. दुसरी म्हणजे १९७४ मध्ये सुरू झालेले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे, काहींचे तर मानेखालचे शरीर निकामी झालेले जवान येथे राहतात. हे जवान चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. ज्यांचे हातही चालत नाहीत त्यांतील काही जण तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात. येथून जाता-येता आम्हांला एपिक्टेटसची आठवण येते. तो स्वतः पायाने लंगडा होता. लंगडेपणा हा पायाला अडथळा आहे, निश्चयाला नाही, अशा आशयाचे त्याचे सांगणे आहे. लंगडा नसलेल्या माणसाने हे सांगितले असते तर आम्ही कदाचित ऐकले नसते.

आपल्या महाराष्ट्रातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरणही येथे देणे योग्य होईल. सांगली जिल्ह्यातला हा मुलगा सैन्यात भरती झाला आणि बॉक्सिंगमध्ये चमकला. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. बॉक्सिंग संपले. परंतु हात शाबूत होते. त्यांनी पोहणे सुरू केले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली आणि भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. पदक मिळवणे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात होते. देशाने दखल केव्हा घ्यावी हे त्यांच्या हातात नव्हते.

योगायोग असा की त्याच १९६५ च्या सप्टेंबर महिन्यात जेम्स स्टॉकडेल नावाच्या अमेरिकन नौदलाच्या वैमानिकाचे विमान व्हिएतनाममध्ये पाडले गेले. त्यांनी विद्यापीठात एपिक्टेटसचा अभ्यास केलेला होता. पाय मोडलेल्या अवस्थेत त्यांनी सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगवास आणि छळ सोसला, आणि एपिक्टेटसनेच आपल्याला तारले असे पुढे लिहून ठेवले. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये केलेले युद्ध योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न आहे. आमचा मुद्दा एवढाच की स्टॉकडेल कोठडीत गप्प पडून राहिले नाहीत. भिंतीवर टकटक करण्याच्या सांकेतिक भाषेतून त्यांनी कैद्यांना एकत्र बांधले, त्यांच्यासाठी नियम घालून दिले, प्रतिकार चालू ठेवला. आतून मुक्त असलेला माणूस बाहेरही काही करू शकतो, हे यावरून दिसते.

भगवान बुद्धांनी हाच विषय दोन सुत्तांत फार सुंदर रीतीने सांगितला आहे. नकुलपिता नावाचा वृद्ध, आजारी गृहस्थ त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ न देण्याचा अभ्यास करावयास सांगितले. सल्लत्थ सुत्तात दोन बाणांची उपमा आहे. सामान्य माणसाला दुःखाचा एक बाण लागतो, आणि त्या दुःखाविषयी शोक करीत, चडफडत तो दुसरा बाण स्वतःला मारून घेतो. शहाण्याला पहिला बाण लागतोच, पण दुसरा लागत नाही. स्टोइक म्हणतात की घटना माणसाला तितके छळत नाहीत, जितके त्या घटनांविषयीचे त्याचे ग्रह छळतात. हा दुसऱ्या बाणाचाच सिद्धांत होय.

दोन्ही विचारांत फरकही आहे, तो विद्यार्थ्यांनी विसरू नये. स्टोइकांचा विश्वास असा की सबंध विश्व एका बुद्धियुक्त नियंत्रक तत्त्वाने चालते, आणि जे घडते ते त्याच्या योजनेने घडते. बुद्धांनी आपली शिकवण अशा कोणत्याही नियंत्यावर उभारलेली नाही. त्यांनी कार्यकारणभाव सांगितला. हा फरक पुढील प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

एक अवघड प्रश्न

एपिक्टेटसच्या पायाविषयी एक जुनी कथा सांगतात. त्याचा मालक रागाच्या भरात त्याचा पाय पिरगळू लागला. एपिक्टेटस शांतपणे म्हणाला, असे केले तर पाय मोडेल. मालक थांबला नाही. पाय मोडला. तेव्हा तो तितक्याच शांतपणे म्हणाला, मी सांगितले नव्हते का? ही कथा खरी की रचलेली याविषयी मतभेद आहेत. परंतु ती शेकडो वर्षे कौतुकाने सांगितली जाते.

आम्ही ही कथा प्रथम वाचली तेव्हा भारावून गेलो. पुढे मात्र मनात आले की, गुलामाच्या शांतपणाचे एवढे कौतुक झाले, पण त्या मालकाला जाब कोणी विचारला? सेनेकाने गुलामांना माणसासारखे वागवा असे लिहिले, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. परंतु गुलामगिरी नष्ट करा असे स्टोइकांनी म्हटले नाही. 'जे घडते ते विश्वाच्या योजनेने' असे मानले की अन्यायालाही योजनेत जागा मिळते.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. 'आहे त्यात समाधान माना' हा उपदेश आमच्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या झाला. गावकुसाबाहेर राहा, पाणवठ्याला शिवू नका, आणि वर समाधानीही राहा. हा उपदेश करणाऱ्याच्या घरी विहीर होती. म्हणून 'सुख आपल्या आतच आहे' असे कोणी सांगू लागला की आमच्या माणसाने सावध होणे स्वाभाविक आहे. हे वाक्य औषध आहे, पण चुकीच्या हाती ते गुंगीचे औषध ठरते.

मग स्टोइक विचार टाकून द्यावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. याचे उत्तर आम्हांला एका साध्या अनुभवातून मिळाले. तो सांगताना थोडा संकोच वाटतो, तरी सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाखेत होतो. बढतीच्या परीक्षेची यादी लागली, तीत आमचे नाव नव्हते. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी चारचौघांत म्हणाला, "तुम्हांला कसली काळजी? तुमचे आज ना उद्या होणारच. तुमच्यासाठी जागा राखून ठेवलेल्याच आहेत की!" सगळे हसले. आम्हीही हसल्यासारखे केले. परंतु नंतर पंधरा दिवस जेवण गोड लागले नाही. रात्री त्याच वाक्याची उजळणी, त्याला द्यावयाच्या उत्तरांची उजळणी. घरी मुलांवर विनाकारण ओरडलो. एके रात्री सौ. म्हणाली, "तो माणूस बँकेत बोलला, तुम्ही त्याला रोज घरी कशाला घेऊन येता?"

त्या रात्री जुनी वही काढून एपिक्टेटसचे दोन रकाने मांडले. यादी आमच्या हातात नाही, पुढच्या परीक्षेचा अभ्यास हातात आहे. त्या सहकाऱ्याचे आमच्याविषयीचे मत आमच्या हातात नाही, ते मत खरे मानायचे की नाही हे हातात आहे. येथपर्यंत पुस्तकाप्रमाणे झाले. मग लक्षात आले की दुसऱ्या रकान्यात आणखी एक ओळ बसते. कामाच्या जागी असे बोलणे चूक आहे हे शाखाधिकाऱ्यांना लेखी कळविणे, हेही आमच्या हातात आहे!

पहिल्या रागात लिहिलेला अर्ज फुलस्केपची दोन पाने झाला होता. सकाळी तो फाडला आणि अर्ध्या पानात नुसती हकिकत लिहिली. शाखाधिकाऱ्यांनी दोघांनाही बोलावून घेतले. फार मोठे काही घडले नाही. माफीही मिळाली नाही. परंतु ते वाक्य त्या टेबलावर पुन्हा ऐकू आले नाही. परीक्षा आम्ही पुन्हा दिली, तीही हुकली, आणि आजही आम्ही कारकूनच आहोत. मात्र झोप परत आली.

यातून आम्ही असे शिकलो की आतले सुख आणि बाहेरचा लढा हे एकमेकांचे वैरी नाहीत. मन पेटलेले असताना लिहिलेला अर्ज दोन पानांचा आणि निरुपयोगी होता. मन शांत झाल्यावर लिहिलेला अर्ध्या पानाचा आणि उपयोगी होता. शांतपणा हा अन्याय गिळण्यासाठी नसून, अन्यायाविरुद्ध नीट उभे राहता यावे यासाठी आहे. स्टोइकांच्या चार सद्गुणांत न्याय आहे, तो याचसाठी. जो 'शांत' माणूस अन्याय पाहून स्वस्थ बसतो, त्याने चारांपैकी तीनच गुण घेतले, किंबहुना धैर्यही सोडले म्हणून दोनच घेतले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनात हे दोन्ही एकत्र दिसते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जमलेल्या माणसांनी पाणी प्राशन केले, ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हते. आपण कोणापेक्षा हीन आहोत हे मत त्यांनी आधी मनातून काढून टाकले होते, म्हणून त्यांची पावले तळ्यापर्यंत पोहोचली. आतली बेडी आधी तुटली, मग बाहेरची तोडता आली. त्याच वेळी, केवळ मनातली बेडी तोडून बाबासाहेब थांबले नाहीत. कायदा, शिक्षण आणि संघटना यांची वाट त्यांनी धरली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी दुःखाचा विचार केवळ मनापुरता न ठेवता माणसामाणसांतील अन्यायाशी जोडला. स्टोइकांनी जेथे पाऊल थांबवले, तेथून पुढची वाट ही आहे.

सोळा आण्यांचा हिशेब

आता थोडे आमच्या व्यवसायाकडे वळू. पैशाविना सुख नाही हे खोटे, तसेच पैशाचा सुखाशी काहीच संबंध नाही हेही खोटे. याबाबत बुद्धांचा अनाथपिंडिकाला केलेला उपदेश आम्हांला फार व्यवहारी वाटतो. गृहस्थाची चार सुखे त्यांनी सांगितली. कष्टाने व सचोटीने मिळवलेली संपत्ती जवळ असण्याचे सुख, ती स्वतःसाठी व सत्कार्यासाठी वापरण्याचे सुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख, आणि निर्दोष आचरणाचे सुख.

ऋणमुक्तीला सुखांच्या यादीत स्थान देणारा हा उपदेश प्रत्येक कर्जखात्याच्या पहिल्या पानावर छापावा असा आहे. लग्नासाठी, मोटारसायकलसाठी, शेजाऱ्याने घेतला म्हणून मोठा टी.व्ही. घेण्यासाठी कर्ज काढणारे आणि पुढे हप्ते थकल्यावर काउंटरशी मान खाली घालून उभे राहणारे लोक आम्ही रोज पाहतो. आता तर मोबाइलवर चार बटणे दाबली की कर्ज मिळते. अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ही वस्तू मला हवी आहे, की मला ती हवी आहे असे लोकांना दिसायला हवे आहे? शिक्षणासाठी किंवा राहत्या घरासाठी विचारपूर्वक काढलेले कर्ज ही वेगळी गोष्ट आहे.

या चार सुखांची तुलना करताना बुद्ध सांगतात की पहिल्या तीन सुखांची किंमत निर्दोष आचरणाच्या सुखाच्या सोळाव्या हिश्श्याएवढीही नाही. आपल्या जुन्या हिशेबात सांगायचे तर निर्दोष आचरणाचे सुख हा पुरा रुपया, आणि बाकीची सुखे एका आण्याच्याही आतली. परंतु बुद्धांनी तो आणा फेकून द्या असे म्हटले नाही, हे महत्त्वाचे आहे. गरिबीचा गौरव त्यांनी केला नाही. पैसा सचोटीने मिळवा, नीट वापरा, कर्जात बुडू नका, आणि या सर्वांहून आपले आचरण स्वच्छ ठेवा, असा हा हिशेब आहे. सद्गुणालाच खरे धन मानणारे स्टोइक याच्या अगदी जवळ येतात.

रोजचा सराव

स्टोइक तत्त्वज्ञान वाचून येत नाही, ते व्यायामासारखे रोज करावे लागते. तीन साधे प्रयोग आम्ही करून पाहिले, ते येथे देत आहोत.

१. सकाळची तयारी. सम्राट मार्कस ऑरेलियस युद्धाच्या छावणीत राहत असतानाही स्वतःसाठी टिपणे लिहीत असे. आज आपल्याला आगाऊ, कृतघ्न, उद्धट माणसे भेटणार आहेत याची तो सकाळीच मनाशी खूणगाठ बांधी, आणि तीही आपल्यासारखीच माणसे आहेत, त्यांच्यासह आपल्याला काम करावयाचे आहे, याची स्वतःला आठवण देई. काउंटर उघडण्यापूर्वी आम्ही हे करतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचा विशेष उपयोग होतो.

२. मधला क्षण. राग आला किंवा भीती वाटली की लगेच उत्तर देऊ नये. एक श्वास घ्यावा आणि विचारावे : घडले काय, आणि त्यात मी भर कशाची घातली? 'साहेबांनी अर्ज परत केला' ही घटना. 'साहेबांना माझे भले बघवत नाही' ही आपली भर. कधी ती भर खरीही असू शकते, पण ती तपासल्यावाचून स्वीकारू नये. ज्यांना आनापानाचा अभ्यास आहे, त्यांना हे सोपे जाईल.

३. रात्रीचा ताळेबंद. दिवा मालवल्यावर, पत्नीही आपली ही सवय ओळखून गप्प झाल्यावर, सेनेका दिवसभरातील आपले सर्व वागणे डोळ्यांखालून घाली. आज कोणता दोष सुधारला? कोठे चुकलो? आमच्या बँकेत रोकड जुळल्याशिवाय रोखपालाला घरी जाता येत नाही. रक्कम कमी आली तरी शोध, जास्त आली तरी शोध. मनाचा ताळेबंदही असाच रोजच्या रोज जुळवावा. मात्र चूक सापडली म्हणून स्वतःला फाशी देऊ नये. नोंद करावी आणि उद्या दुरुस्त करावी.

समारोप

सुख आपल्या आत आहे या वाक्याचा अर्थ आम्ही असा लावतो. आपली किंमत ठरविण्याचा अधिकार कोणत्याही यादीला, पगाराच्या आकड्याला किंवा कोणाच्या तोंडच्या वाक्याला देऊ नये. तो अधिकार आपल्यापाशी ठेवावा. आणि तो आपल्यापाशी ठेवल्यावर जी ताकद येते, ती न्यायासाठी खर्च करावी. सुरुवातीस सांगितलेली ती बाई एपिक्टेटसचे नावही ऐकून नव्हती. परंतु हसतमुखाने येणे आणि मुलीसाठी पाच खेपा घालणे, हे दोन्ही तिला साधले होते. खडकीच्या केंद्रातील जवान तोंडात ब्रश धरतो, तेव्हा तोही हेच करीत असतो. त्याच्या हातात, किंबहुना दातांत, जेवढे आहे तेवढे तो पूर्णपणे वापरतो.

विद्यार्थ्यांसाठी व अभ्यास वर्गासाठी पुढील प्रश्न देऊन हा लेख संपवितो.

१. आपल्या सध्याच्या एका काळजीविषयी कागदावर दोन रकाने मांडा : 'हातात असलेले' आणि 'हातात नसलेले'. पहिल्या रकान्यातील कोणती गोष्ट आजच करता येईल?
२. दोन बाणांची उपमा स्वतःच्या अनुभवातील एका प्रसंगाला लावून दाखवा.
३. समाधान आणि अन्याय सहन करणे यांत फरक कोणता? एपिक्टेटसच्या पायाच्या कथेच्या आधारे चर्चा करा.
४. गृहस्थाच्या चार सुखांपैकी आपल्या घरी कोणते आहे, आणि कोणते मिळवावयाचे आहे?

सर्वांचे मंगल होवो.